चेंगदूहून पश्चिमेला सायकलने: तंबू न्यावा का?

गंगापूररोडकर: नाशिकहून दोघं निघतोय. चीनमधल्या चेंगदूहून जी-318 या राष्ट्रीय महामार्गाने पश्चिमेकडे. तंबू नेला तर खर्च वाचेल का?

सातपूरवाला: वाचेल, पण मुक्कामी पोहोचल्यावर 24 तासांत पोलिसांकडे नोंद लागते. हॉटेल ती स्वतः करतं, इतरत्र राहिलात तर चौकीत तुम्हालाच जावं लागतं. स्वस्त लॉजवाले परदेशी म्हटलं की कधी कधी हात वर करतात, म्हणून उजेड असेतो गाव गाठा. याच रस्त्यावरच्या बातांग गावापुढे तिबेट, तिथे परमिट आणि गाइडशिवाय प्रवेश नाही. आणि त्याआधी लागणारं लितांग गावच 4000 मीटरवर आहे. कसारा घाटाचा सराव तिथे पुरत नाही राव.

देवळाली_गिअर: रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर पॅड दाबणारे) असतील तर पॅडच्या दोन जोड्या जास्त घ्या. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की रिम तापते आणि ट्यूब फुटते. पुढचा-मागचा आलटून पालटून, थोडा थोडा दाबा. गॅसचा डबा विमानात चालत नाही. थर्मास न्या, उकळतं पाणी बहुतेक ठिकाणी मिळतं, नूडल्सचं भागतं. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे.

गंगापूररोडकर: आणि पैसे?

सातपूरवाला: अलीपे या तिथल्या पेमेंट अ‍ॅपला कार्ड इथूनच जोडून घ्या. थोडे युआन रोख ठेवा. पॉवर बँकवर 3सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसेल तर तिथल्या देशांतर्गत विमानात नेता येत नाही.