धारातीर्थी पडणे, वीरमरण, हौतात्म्य : फलकावर काय लिहावे?

ग्रंथपाल, कोल्हापूर

आमच्या वाचनालयात पश्चिम महाराष्ट्रातील सेनाधिकाऱ्यांचे माहितीफलक लावायचे आहेत. कर्नल संतोष महाडिक यांच्या फलकाच्या मसुद्यात एकाने ‘शहीद कर्नल’, दुसऱ्याने ‘हुतात्मा कर्नल’ असे लिहिले आहे आणि तिसऱ्याला ‘वीरगती’ हवी आहे. या शब्दांत फरक कोणता?

निवृत्त मराठी शिक्षिका, राजारामपुरी

‘शहीद’ हा शब्द मूळचा अरबी. त्याच्या मुळाशी ‘साक्ष देणारा’ असा अर्थ असून धर्मासाठी प्राण देणारा हा अर्थ त्याला पुढे मिळाला आणि आपल्याकडे तो देशासाठी मरणाऱ्यालाही लागू झाला. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. पण महाराष्ट्रात या शब्दाबरोबर सैनिकाआधी निःशस्त्र आंदोलक डोळ्यांपुढे येतो. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू हुतात्मा, आणि मुंबईतील हुतात्मा चौक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांचा. शस्त्र हाती घेऊन लढताना पडलेल्या अधिकाऱ्याला हा शब्द लावणे चूक नव्हे. मला तो तितका नेमका मात्र वाटत नाही. भाववाचक नाम ‘हौतात्म्य’ असे आहे. ‘हुतात्म्य’ हे रूप फलकांवर सर्रास दिसते, ते टाळावे.

‘वीरगती’ हिंदी बातम्यांमुळे अलीकडे फार चालू लागली आहे. मराठीच्या वळणाचे म्हणावे तर ‘वीरमरण आले’ किंवा ‘धारातीर्थी पडले’. धारा म्हणजे तलवारीची धार आणि तेच तीर्थ, असा हा समास. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले, असे आपण सहज लिहितो. ‘शहीद सरनोबत’ असे कोणी लिहीत नाही. मला यातला फरक महत्त्वाचा वाटतो. ‘धारातीर्थी पडले’ हे विधान आहे, त्यामुळे कोठे, केव्हा आणि कोणाशी लढताना हे सांगितल्याशिवाय ते अपुरे राहते. ‘शहीद’ किंवा ‘हुतात्मा’ नावाआधी उपाधीसारखे चिकटवले की लिहिणाऱ्याला पुढे काहीच सांगावे लागत नाही, आणि बहुतेक फलकांवर तसेच झालेले दिसते. गोळी लागून मृत्यू आला तर तलवारीची धार कशी, ही शंका अनाठायी आहे. म्यान कमरेला नसतानाही आपण शस्त्रे म्यान करतोच.

निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री

बाईंचे म्हणणे सेनेच्या रीतीलाही धरून आहे. सेनेच्या कागदपत्रांत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईत मृत वा जखमी झालेला) अशी नोंद होते. ‘शहीद’ ही अधिकृत संज्ञा नाही, असे सरकारने संसदेतही सांगितले आहे. नावाआधी लागायचे ते हुद्द्याचे ‘कर्नल’, आणि ते त्यांनी नोकरी करून मिळवलेले आहे.

साहेब सातारा तालुक्यातील पोगरवाडीचे, साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. डिसेंबर १९९८ मध्ये ते २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाले. ही पलटण मुळात २१ मराठा होती, हे आमच्या लोकांना सांगायला आवडते. ईशान्येतील कामगिरीसाठी त्यांना सेना पदक मिळाले होते. पुढे ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर झाले. हीदेखील मराठा रेजिमेंटशी जोडलेली. कुपवाडा जिल्ह्यातील जंगलात दहशतवाद्यांचा माग काढण्याची मोहीम काही दिवस चालली होती आणि तिचे नेतृत्व करताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी ते पडले. बटालियनचा प्रमुख स्वतः पुढे होता, हे फलकावर आलेच पाहिजे.

आणखी एक. त्यांना मरणोत्तर मिळाले ते शौर्यचक्र, वीरचक्र नव्हे. परमवीर, महावीर आणि वीरचक्र शत्रूसमोरील शौर्यासाठी असतात. अशोक, कीर्ती आणि शौर्यचक्र ही शत्रूसमोरील लढाईखेरीजच्या शौर्यासाठीची दुसरी मालिका आहे. वर्तमानपत्रांतही यांची गल्लत होते.

ग्रंथपाल

सुभेदारसाहेब, बाई, आभारी आहे. मसुद्यात त्यांच्या पत्नीचा उल्लेख ‘वीरपत्नी’ असा आहे. तो ठेवावा का?

निवृत्त मराठी शिक्षिका

संस्कृतात ‘वीरपत्नी’ म्हणजे वीराची पत्नी, मग वीर हयात असो वा नसो. आजच्या मराठीत तो केवळ विधवेसाठी उरला आहे. स्वाती महाडिक यांनी पतीच्या मृत्यूनंतर चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट म्हणून सेनेत दाखल झाल्या. ज्या बाईला स्वतःचा हुद्दा आहे तिला नात्याच्या शब्दात बसवू नये.

निवृत्त सुभेदार

सेनेत ‘वीरनारी’ म्हणतात. पण इथे बाईंशी सहमत.

निवृत्त मराठी शिक्षिका

मग मजकूर असा करता येईल : ‘कर्नल संतोष महाडिक, शौर्यचक्र (मरणोत्तर), सेना पदक. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत असता कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी धारातीर्थी पडले.’ खाली जन्मगाव, शाळा आणि १९९८ पासूनची सेवा द्यावी. ‘मरणोत्तर’ हा शब्द शौर्यचक्रालाच लागून ठेवा. ओळीच्या शेवटी गेला तर सेना पदकही मरणोत्तर ठरेल. आणि रंगाऱ्याला ‘तीर्थी’तला ‘ती’ दीर्घ असल्याचे आधीच सांगून ठेवा.