मदत हवी आहे: आजोबांच्या पेटीत सापडलेल्या जुन्या अमेरिकन नोटा

नमस्कार मंडळी,
माझे आजोबा दापोलीकडचे, १९४८ पासून वीसेक वर्षं बोटीवर होते. गणपतीआधी माळा आवरताना त्यांची लोखंडी पेटी उघडली. आत त्यांची नळी (खलाशांच्या नोकरीच्या नोंदींचं सीडीसी पुस्तक, आमच्याकडे नळीच म्हणतात) आणि तिच्या पानांत डॉलरच्या सात नोटा.

पाच नोटा एक डॉलरच्या, निळा शिक्का, वर ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’, वर्ष १९५७ आणि पुढे बी अक्षर. त्यातल्या एकीच्या नंबरात सुरुवातीच्या अक्षराच्या जागी चांदणी आहे. एक दोन डॉलरची, १९५३, लाल शिक्का. सातवी एक डॉलरची, १९३५ ए, शिक्का आणि नंबर दोन्ही तपकिरी, मागे आडवं मोठ्या अक्षरांत ‘हवाई’ छापलंय. बाकीच्या एक डॉलरवर मागे ‘इन गॉड वी ट्रस्ट’ आहे, हिच्यावर नाही. डॉलर म्हणजे हिरवा एवढंच माहीत, त्यामुळे ही आणि लाल शिक्क्याची खोटी तर नाही ना?

धाकट्या काकांनी कुठलासा व्हिडिओ पाहिलाय. त्यांच्या मते चांदणीवाली नोट लाखाला जाते आणि सिल्व्हर सर्टिफिकेटवर बँक चांदी देते. आता चुलत-आते धरून आम्ही नऊ जण वाटेकरी आहोत, म्हणजे बघा. शहरातल्या एका नाणीवाल्याने न बघताच सगळ्यांचे मिळून पाचशे रुपये सांगितले. त्यात आत्याने चुरगळलेली म्हणून एका नोटेवर इस्त्री फिरवली. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
आधी काकांना चहा द्या. चांदी देणं २४ जून १९६८ लाच बंद झालं, आता ते फक्त छापील वचन. १९५७ च्या नोटा अफाट छापल्या गेल्या. वापरलेली असेल तर दर्शनी किमतीच्या वर एक-दोन डॉलर. चांदणी म्हणजे छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली घातलेली नोट. थोडी जास्त मिळेल, लाख विसरा. लाल शिक्का खोटा नाही. तो युनायटेड स्टेट्स नोट या वेगळ्या प्रकाराचा, मागे जेफर्सनचं माँटिचेलो घर असेल. तिलाही फार भाव नाही.

‘इन गॉड वी ट्रस्ट’ एक डॉलरवर पहिल्यांदा १९५७ च्या मालिकेत आलं. म्हणजे १९३५ ए वर ते नसणं हेच बरोबर. आणि तुमच्या सातांत बघण्यासारखी तीच. पर्ल हार्बरनंतर जपान हवाई बेटं घेईल या धास्तीने १९४२ मध्ये तिथे वेगळ्या खुणेच्या नोटा काढल्या. बेटं गेलीच, तर तेवढ्याच नोटा रद्द ठरवता याव्यात म्हणून. पुढे दोन्ही टोकांना उभं लहान ‘हवाई’ आहे का बघा. साध्या निळ्या नोटेवर नंतर ठसा मारून फसवणारे आहेत, पण तुमचा शिक्का आणि नंबर तपकिरी, त्यामुळे मला बरी वाटते. धड असेल तर तीस-चाळीस डॉलर, कोरी असेल तर बरंच वर. घडी, डाग, टाचणीचं भोक, सगळ्याने भाव उतरतो. धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत नको, मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवा. आणि ती नळी जपा, मला विचाराल तर ती नोटांपेक्षा भारी आहे.

इस्त्री कुठल्या नोटेवर फिरली?

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पुढे दोन्ही टोकांना उभं ‘हवाई’ आहे, आत्ताच भिंगातून पाहिलं. काकांना सांगितलं, ते गप्प बसलेत. नळी मी माझ्याकडे मागून घेतली, कुणी हरकत घेतली नाही.

इस्त्री त्या ‘हवाई’च्या नोटेवरच. आत्याला अजून सांगितलेलं नाही.