मदत हवी आहे: १९५७ ची एमजीए, जाम इंजिन आणि तळाला वाळवी (नागपूर)

लिंबूसरबत:

नमस्कार मंडळी. गाड्यांमधलं मला फार कळत नाही, हे आधीच कबूल करते. स्कूटरचा प्लग काढून पुसता येतो, इथवर माझी मजल. पण रामदासपेठेत आमच्या घरामागच्या शेडमध्ये १९५७ ची एमजीए (ब्रिटिश एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार) उभी आहे, दोन सीटची, उघडी. भावाने "माझ्याकडे जागा नाही" म्हणून हात वर केले आणि ती माझ्या वाट्याला आली.

आजोबा मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात हिशेबनीस होते. त्यांचे गोरे साहेब १९६२ च्या सुमारास विलायतेला परत निघाले तेव्हा आजोबांनी ही घेतली. १९८३ पर्यंत चालली. मग गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला, "दिवाळीनंतर पाहू" असं ठरलं, आणि ती दिवाळी अजून यायची आहे.

मार्चपासून शनिवार-रविवार हात घातला आहे. सोबतीला पॉलिटेक्निकमधला भाचा. बाबा (वय ८१) शेडच्या दाराशी कूलर लावून बसतात आणि दर पाच मिनिटांनी "हळू" म्हणतात.

आता अडचणी. इंजिन जाम आहे. हँडल लावून दोघांनी जोर केला, शेवटी भाचा हँडलवर उभा राहिला, तरी तसूभर हललं नाही. प्लग काढून आत टॉर्च मारला तर तीन नंबरच्या पिस्टनवर तांबूस भुकटी दिसते. एका मिस्त्रींना बोलावलं होतं. त्यांनी प्लगच्या भोकातून सळई घालून वरून हातोडा मारायचा बेत सांगितला. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. जाता जाता म्हणाले, "ताई, अँबेसेडरचं इंजिन टाका, चाळीस हजारात बसवून देतो, हे पण तेच आहे." हे खरं आहे का?

दुसरं. सीट काढल्या तर खाली पत्राच नाही, प्लायवूड! त्याला वाळवी. बोटाने टोचलं की कुरडईसारखं मोडतं. पूर्वी कोणीतरी सडलेला पत्रा काढून लाकडं ठोकली असणार. आता पत्रा वेल्ड करून घेऊ?

तिसरं. डेंटर म्हणतात बॉनेट, डिकी आणि दारं बदललेली आहेत, ओरिजिनल नाहीत, कारण चुंबक चिकटत नाही.

चौथा घोळ माझाच. लाइट लागतात का बघायला घरच्या कारची बॅटरी काढून जोडली, निगेटिव्ह बॉडीला. नंतर भाच्याला चेसिसला आवळलेल्या जुन्या केबलच्या टोकावर अधिकची खूण दिसली. मी काही जाळलं का?

बुलडीकर:

वाळवीचं वाईट वाटलं, बाकी तुमच्या गाडीत कोणी काही ठोकलेलं नाही. एमजीए इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातूनच पायाखाली प्लायवूड घेऊन निघायची. चेसिस वेगळी, तिच्यावर बॉडी, आणि खाली चौकटीवर स्क्रूने आवळलेल्या फळ्या. तिथे पत्रा वेल्ड करू नका. जुन्या फळीचा जेवढा तुकडा शाबूत असेल त्यावरून जाडी मोजा, मरीन प्लाय (पाण्याला टिकणारं प्लायवूड) कापून घ्या, कापलेल्या कडांना इपॉक्सी पाजा आणि स्क्रूनेच बसवा. पुन्हा काढता आला पाहिजे तो.

पण वाळवी आली कुठून ते आधी शोधा. जमिनीतून मातीची नळी बांधत ती टायरवरून किंवा विटांवरून चढली असेल, ती जागा सापडल्याशिवाय नवी फळी घालणं म्हणजे तिला जेवायला वाढणं.

चुंबकाचं म्हणाल तर बॉनेट, डिकीचं झाकण आणि दारांचा बाहेरचा पत्रा कंपनीनेच ॲल्युमिनियमचा दिला होता. चुंबक चिकटला असता तर काळजी. डेंटरला सांगा, ग्राइंडरची चकती त्याला लावू नका, आणि गॅसची ज्योत तर दाखवूही नका. ॲल्युमिनियम लाल होत नाही, सरळ खाली गळतं. स्टीलचा स्क्रू जिथे लागतो तिथे पांढरी भुकटी धरली असेल, ती नायलॉनच्या ब्रशने काढा.

खरी सड बघायची ती दाराच्या पुढच्या-मागच्या खांबांच्या पायाशी आणि सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत). तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा आणि इथे सांगा.

अँबीवाला तात्या:

भाऊ, मिस्त्री चुकीचं नाही बोलून राहिला. दोन्ही बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज इंजिनं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९, १४८९ सीसी, हिकडेही तेच आन् तिकडेही. मी पंधरा वर्षं टॅक्सीच्या अँब्या सांभाळल्या, हे इंजिन झोपेत उघडतो. गंजलेल्यात जीव काऊन घालवून राहिले? चांगलं चालतं इंजिन मिळालं की बसवा अन् फिरवा फुटाळा तलावाला. फक्त पेट्रोलचं घ्या. अँबेसेडरचं डिझेलही १४८९ सीसीचंच आहे, भंगारवाला सीसी सांगून भलतंच गळ्यात मारतो.

पानापकड:

तात्या, बोअर-स्ट्रोक सारखा म्हणून इंजिन सारखं होत नाही. अँबेसेडरचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण दाबण्याचं प्रमाण) कमी, ७.२ च्या आसपास. एमजीएचं ८.३. हेड वेगळं, व्हॉल्व्ह मोठे, कॅम वेगळा, वर दोन एसयू कार्बोरेटर. पुढची-मागची प्लेट आणि मॅनिफोल्ड एमजीएचीच काढून लावावी लागणार. एवढं करून गाडी चालेल, पण अँबेसेडरसारखी चालेल.

दुसरं कारण कागदाचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' येतं. आधीपासून नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. पण व्याख्येतच लिहिलं आहे की गाडी मूळ रूपात हवी, मोठी उलथापालथ झालेली नको. दुसरं इंजिन टाकलंत तर आरटीओत आधी इंजिन नंबर बदलून घ्या, मग ही 'मूळ' कशी ते समजावत बसा.

तेव्हा आधी दोन गोष्टी करा. इंजिनाच्या उजव्या अंगाला ब्लॉकवर एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावरचा नंबर आणि आरसी बुकातला नंबर ताडून बघा. आणि इंग्लंडात गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, ते चेसिस नंबरवरून जुन्या नोंदवह्या बघून दाखला देतात. गाडी कोणत्या दिवशी बनली, कोणता रंग होता, कोणतं इंजिन होतं, सगळं त्यात येतं. रंगाचा डबा त्याआधी विकत घेऊ नका.

बॅटरीचं: घाबरू नका. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असत. आत इलेक्ट्रॉनिक काही नाही, त्यामुळे दिव्यांना उलटसुलट सारखंच. डायनमोला मात्र पुन्हा दिशा शिकवावी लागेल, म्हणजे बेल्ट लावायच्या आधी फील्डच्या टोकाला बॅटरीची जिवंत तार क्षणभर टेकवायची. ते नंतर सांगतो. मागाहून कोणी ट्रान्झिस्टर रेडिओ बसवलेला असेल तर तो गेला समजा.

आता जाम इंजिन. जोर बंद. हँडलवर पोरगं उभं करणं तर ताबडतोब बंद. पिस्टनच्या रिंगा बोअरला गंजून धरल्या आहेत, त्या ताकदीने सुटल्या तर रिंग तरी मोडते नाहीतर पिस्टन. नेटवर ऑटोमॅटिक गिअरचं लाल तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं टाका असं वाचाल. नागपुरात मे महिन्यात शेडमध्ये ॲसिटोन? ते भोकात जायच्या आधी उडून जाईल आणि वासाने बाबा खुर्चीसकट बाहेर येतील. वर ठिणगीची भीती वेगळी. लाल तेल आणि डिझेल घ्या, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा अर्धा कप, प्लगच्या भोकात कापडाचे बोळे. दोन दिवसांनी उतरलं असेल तेवढं पुन्हा भरा. निदान पंधरा दिवस.

तोवर टॅपेटचे स्क्रू पूर्ण ढिले करून पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला खालून ढकलणाऱ्या सळया) काढून घ्या. व्हॉल्व्ह चिकटलेला असेल आणि इंजिन अचानक फिरलं तर पहिला रॉड वाकतो. उचलण्याआधी प्रत्येक रॉड बोटांनी थोडा गोल फिरवा, नाहीतर खालचा टॅपेट (रॉड ज्यात बसतो ती वाटी) तेलाने चिकटून सोबत वर येतो आणि आत कुठेतरी पडतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून, नंबर टाकून, त्यातच खोचून ठेवा.

लिंबूसरबत:

सगळ्यांचे आभार. तात्या, भाऊ नाही, ताई.

पट्टी सापडली. घासलेटचा बोळा फिरवला तर '१५जीबी' आणि पुढचे आकडे दिसले. आरसी बुकात जसेच्या तसे! बाबा पहिल्यांदाच खुर्चीतून उठले आणि स्वतः वाचून गेले. त्यामुळे अँबेसेडरचा विषय संपला.

वाळवीची नळीही सापडली, मागच्या डाव्या चाकाखालच्या विटेवरून. सिलमध्ये डावीकडे स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, उजवीकडे नाही. दाराचे खांब चारही ठणठणीत, निदान आमच्या स्क्रूड्रायव्हरच्या मते.

पण नवा घोळ. टॅपेट कव्हर काढलं, पुशरॉड निघाले (सात सरळ, एक किंचित वाकडा, तीन नंबर सिलिंडरचा). मग थर्मोस्टॅटच्या झाकणाचा नट आमच्या १३ च्या पान्याने गोल झाला. १४ चा चढतो पण सैल, १२ चा चढतच नाही. नट वेडे आहेत की पाने?

पानापकड:

पाने. मिलिमीटरचे पाने बाजूला ठेवा. या गाडीचे नट इंचात आहेत, १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे खातो. ९/१६ वर १४ चढतच नाही. मुख्य मापं ७/१६, १/२, ९/१६. अँबेसेडरवाल्यांकडे हा सेट असतोच. चूक माझीही, सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

अँबीवाला तात्या:

ताई, माफी. माझ्याकडं सगळे इंचाचे रिंग पाने हायेत, तेलात ठेवले आहेत. मी मानकापूरला राहतो. गोल झालेला नट छिन्नीने फोडू नका, ब्रेकडाउन स्प्रे मारून ठेवा, मी नट स्प्लिटर आणतो.

एक सांगून ठेवतो. पुढं रॉकर शाफ्ट (हेडवरचा, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर धरणारा दांडा) काढायची वेळ आली तर त्याचे चार नट हेडचेच असतात. तेवढेच चार ढिले केले तर हेड एका अंगाला ताणलं जाऊन वाकते. आधी इंजिनातलं पाणी काढा, मग हेडचे अकराही नट थोडे थोडे, मधून बाहेर. टॅक्सीवर ही चूक एका पोरानं केली होती, दर महिन्याला गॅस्केट उडायचं.

लिंबूसरबत:

तीन आठवड्यांनी परत आले. नवतपा सुरू आहे, शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही, म्हणून पहाटे साडेपाच ते आठ काम.

इंजिन फिरलं! अठराव्या दिवशी. तात्यांनी क्रँकच्या पुढच्या नटावर लांब पाना लावला आणि जोर न करता नुसता टेकवून धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे. दहाएक मिनिटांनी आतून बारीक 'कट्' असा आवाज आला, सुपारी अडकित्त्यात फुटते तसा, आणि पाना सुईभर सरकला. तिथून अर्धा तास मागे-पुढे, मागे-पुढे, आणि पूर्ण फेरा.

मग पाणी काढून, अकरा नट सांगितल्याप्रमाणे सोडून हेड उतरवलं. एक, दोन आणि चार नंबरचे बोअर बरे आहेत, भिंतीवर हलका डाग. तीन नंबरमध्ये मधोमध गंजाची कडी, नखाला लागते. त्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा अडकून बसला होता, म्हणजे चाळीस वर्षं दमट हवा तिथूनच आत जात होती. आता फक्त तीन नंबरला लाइनर (सिलिंडरच्या आत नवी नळी) घालू की चारही बोअर करून मोठे पिस्टन टाकू? आणि तात्या म्हणतात अँबेसेडरचे पिस्टन स्वस्त पडतील.

पानापकड:

नखाला लागते म्हणजे नुसत्या होनिंगने (आतून घासून गुळगुळीत करण्याने) जाणार नाही. पण आधी चारही बोअर वर, मध्ये, खाली, आडवे-उभे मोजून घ्या. बाकीचे तीन स्टँडर्डमध्ये निघाले तर एकट्या तीन नंबरला लाइनर घालून चौघेही मूळ मापावर ठेवा. निघाले नाहीत तर चारही दहा किंवा वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे. पिस्टन एमजीएचेच मागवा. अँबेसेडरच्या पिस्टनने कॉम्प्रेशन पडेल, मग गाडी वाचवली कशासाठी? बोअरिंगवाल्याकडे ब्लॉक द्यायच्या आधी पिस्टन हातात हवेत, पिस्टन मोजून बोअर करतात, बोअर करून पिस्टन शोधत नाहीत.

पेट्रोलच्या टाकीत तोवर काही ओतू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगवून तुकडे सोडतं. टाकी उतरवून धुवा, नळ्या सगळ्या नव्या घ्या. मागचा एसयू पंपही उघडावा लागेल.

बुलडीकर:

मागच्या ऑइल सीलची वाट बघू नका, या इंजिनाला मागे सीलच नाही, क्रँकवर कोरलेल्या आट्यांनी तेल परत ढकललं जातं. उभ्या गाडीखाली थेंब पडणारच. शेडच्या फरशीवर ट्रे ठेवा. कोणी "सील बदलून देतो" म्हणून पैसे मागितले तर हसून नाही म्हणा.

अँबीवाला तात्या:

पिस्टनचं माझं मागं घेतो. हेड उघडं पडलं आहे ना? पावसाळा तोंडावर आहे. बोअरला आत्ताच तेल लावा, वरून प्लॅस्टिक नका बांधू, आत घाम धरते. सुती कापड.

लिंबूसरबत:

लावलं. सुती कापड म्हणून बाबांनी स्वतःचं जुनं धोतर दिलं. रविवारी बोअरिंगवाल्याकडे फक्त मोजायला जाते आहे. तात्या, ७/१६ चा रिंग पाना माझ्याकडेच राहिला आहे, येताना आणते.