ध्रुवाकडची रात्र लक्समध्ये कशी मोजायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीची पोरं जूनपासून गच्चीवर उजेडाची नोंद लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, ठेवताहेत. बीएच 1750 हा स्वस्तातला सेन्सर आहे. भर दुपारी आकडा वर जाऊन अडकतो आणि रात्री शून्य. पौर्णिमेलाही शून्यच, कारण चांदणं जेमतेम पाव लक्स.

परवा एकीनं विचारलं, "सर, तठे ध्रुवाकडे दुपारले बी अंधार ऱ्हास का?" म्हणून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरल्या हिमाद्री या भारताच्या संशोधन केंद्राचं गणित फळ्यावर मांडलं. अक्षांश जवळपास 79 उत्तर. 21 डिसेंबरला आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य साडेपंचेचाळीस अंश वर असतो, तिथे तो क्षितिजाखाली 12 अंश. म्हणजे दुपारी बाराला लक्सचा साधारण शंभरावा भाग. आणि त्या दिवसांतला पौर्णिमेचा चंद्र तिथे काही दिवस मावळतच नाही! आकाश मोकळं असेल तर भर दुपारपेक्षा उजेड चंद्राचाच जास्त. पोरं अवाक झाली, मीही.

आता अडचण अशी. उन्हाळ्यातले हजारो लक्स आणि हिवाळ्यात लक्सचा दहाहजारावा भाग, हे वर्षभर एकाच यंत्रानं कसं मोजतात? आमच्या गच्चीवर तसं काही जमेल का?

प्रतिसाद
सर, एकावर भागत नाही. दोन सेन्सर घ्या, एक उन्हाचा, एक अंधाराचा. दोघांनाही झेपेल अशा संधिप्रकाशात त्यांचे आकडे जुळवून घ्या. अंधाराच्या सेन्सरवर रोज काळी टोपी घालून एक नोंद घ्या आणि ती वजा करा, नाहीतर सेन्सरचा स्वतःचा गोंगाटच, म्हणजे पूर्ण अंधारातही दिसणारा खोटा आकडा, उजेड म्हणून मोजाल. तो तापमानाप्रमाणे बदलतो. ध्रुवाकडे काचेवर हिमकण धरतात म्हणून गरम हवा सोडतात. तुमच्याकडे धूळ, रोज पुसा. आणखी एक: लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं ठरलेलं आहे. शेवाळ-प्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचा) अभ्यास करणारे 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मोजतात.

धागाकर्ता
दादा, मनापासून आभार. काळी टोपी आजच शिवून घेतो. पण शाळेसमोर पथदिवा आहे, रात्रभर जळतो. एका पोराच्या मळ्यातल्या घराचं धाबं मिळतंय, तिथे वीज नाही. बॅटरीवर रात्रभर नोंद ठेवायला काय वापरावं?