फितूर, राजद्रोही, देशद्रोही : तिन्ही एकच का?

महालकर : नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत पोरगा खांद्यावर होता, काळी मारबत (बाईचा मोठा पुतळा) समोरून गेली तसं त्यानं विचारलं हिनं काय केलं म्हणून. मी आपलं ऐकलेलं सांगितलं की ही बाकाबाई भोसले, इंग्रजांना फितूर झाली अशी लोकांची समजूत आहे म्हणून दरवर्षी जाळतात. तर म्हणे फितूर म्हणजे काय? देशद्रोही म्हणालो आणि तिथंच अडकलो, कारण तेव्हा देश कुठला, भोसल्यांचं राज्य होतं. राजद्रोही म्हणावं तर बाई स्वतः रघुजी दुसऱ्यांची राणी. जाणकारांनी सांगा.

इतवारीभाऊ : काहून डोकं लावून राहिला बाप्पा, घरभेदी म्हण अन् मोकळा हो. 1817 मधे सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसले इंग्रजांशी हरले, पुढच्या वर्षी लहानग्या रघुजी तिसऱ्याला गादीवर बसवलं, बाकाबाई पालक अन् कारभार सारा इंग्रजांच्या रेसिडेंट म्हणजे दरबारातल्या प्रतिनिधी जेन्किन्सच्या हाती. लोकाईले तेच दिसलं.

शब्दवेडी : घरभेदी वेगळा हो भाऊ, तो घरातलं गुपित बाहेर नेतो. फितूर मूळ अरबी, फुतूर म्हणजे ढिलाई, बिघाड. मराठीत येऊन त्याला शेजारी ‘फितवणे’ हे क्रियापद मिळालं आणि मला वाटतं सगळी गंमत तिथं आहे. माणूस आपणहून फितूर होत नाही, त्याला कोणीतरी फितवतं, किल्लेदाराला फितवतात, शिपायांना फितवतात. द्रोहाचं तसं नाही, द्रोह ज्याचा त्याचा असतो, मित्रद्रोह गुरुद्रोह वगैरे, त्यात तिसरा माणूस लागत नाही.

काळाकोट : कोर्टात तर रोज ऐकतो, साक्षीदार फितूर झाला. परवाच एक जण पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला मी त्या दिवशी गावातच नव्हतो, पोलिसांकडच्या जबाबात चक्क चहा पीत बसलो होतो म्हणून लिहिलेलं. हा काही राजद्रोही नाही ना.
राजद्रोह म्हणजे भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम 124-अ, ते 1870 साली घुसवलं. त्यात शब्द होता अप्रीती. 1897 च्या टिळकांच्या खटल्यात जज स्ट्रॅचीनं त्याचा अर्थ सांगितला प्रीतीचा अभाव!! म्हणजे सरकारवर प्रेम नाही हाच गुन्हा. ज्युरीत 9 जण, 6 युरोपियन म्हणाले दोषी, 3 हिंदी म्हणाले निर्दोष, आणि दीड वर्ष सक्तमजुरी. 1908 ला परत तेच कलम, सहा वर्षं मंडाले. देशद्रोह नावाचं कलम आयपीसीत नव्हतंच, 121 होतं ते सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्याचं. टीव्हीवाले दोन्ही शब्द एकात कालवतात. आयपीसीच्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर राजद्रोह हा शब्दही नाही, कलम 152 आहे ते सार्वभौमत्व, एकता अशा भाषेत.

पेन्शनर_धरमपेठ : इंग्रजांच्या घरचं ऐका मग. 1351 च्या त्यांच्या कायद्यात मोठा राजद्रोह आणि धाकटा राजद्रोह असे दोन होते. नवऱ्यानं बायकोला मारलं तर साधा खून, बायकोनं नवऱ्याला मारलं तर धाकटा राजद्रोह, कारण नवरा म्हणजे घरातला राजा! नोकरानं मालकाला मारलं तरी तेच. हे 1828 पर्यंत चाललं. खोटी नाणी पाडणं हा तर मोठा राजद्रोह, त्यासाठी 1789 मधे एका बाईला फाशी देऊन जाळलं, पुढच्या वर्षी ती जाळण्याची शिक्षा बंद झाली. आणि राजाला मारून सत्ता घेणारा क्रॉमवेल मेल्यावर, हो मेल्यावर, 1661 मधे थडग्यातून उकरून फासावर लटकवला. इकडे आपण पुतळा जाळतो ते बरंच सभ्य म्हणायचं.

शब्दवेडी : आपल्याकडेही काही कमी नव्हतं काका. भाषेत सगळं साठून राहिलंय, कडेलोट, सुळावर देणे, तोफेच्या तोंडी देणे. हत्तीच्या पायी देणे आपण आता गमतीत म्हणतो पण 1681 मधे संभाजी महाराजांनी कटवाल्यांना, अण्णाजी दत्तोंसकट, खरोखर दिलं. आणि फितुरीवरून आख्खा माणूसच शब्द झाला तो सूर्याजी पिसाळ. रायगड 1689 मधे त्याच्यामुळे पडला हे कितपत खरं यावर इतिहासकारांचे वाद आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बाकाबाईचंही तसंच वाटतं मला.

महालकर : पोराला सांगितलं, फितूर म्हणजे दुसऱ्यानं फितवलेला. तर म्हणे मग फितवणाऱ्याला का नाही जाळत.

इतवारीभाऊ : त्याच्यासाठी बडग्या (पुरुषाचा पुतळा) असते ना बे! पुढच्या पोळ्यानंतर जेन्किन्सचा बडग्या काढू, हॅट घालून.

शब्दवेडी : बॅनर लिहाल तेव्हा एक पाहा, फितूरमधे तू दीर्घ पण फितुरीमधे तु ऱ्हस्व. महालकरांनी बरोबर लिहिलंय, पण ‘फितूरी’ असा बोर्ड मी गेल्या वर्षी पाहिला होता.