मदत हवी आहे: लीड ग्रीन असोसिएटचे आकडे लक्षात कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी. पुण्यात एका आर्किटेक्टकडे नोकरी करते, सोबत लीड ग्रीन असोसिएटची, म्हणजे हरित इमारतींच्या अमेरिकी मानांकनाच्या प्राथमिक परीक्षेची, तयारी चालू आहे. १०० प्रश्न, दोन तास, २०० पैकी १७० हवेत.

संकल्पना कळतात. पावसाचं पाणी जिरवणं, पांढरं छप्पर, हे साइटवर दिसतंच. अडतं ते आकड्यांवर. अ‍ॅशरे (वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची मानकं) ९०.१ ऊर्जेचं, ६२.१ वायुवीजनाचं, ५५ औष्णिक सोयीचं, एवढं बसलंय. पण पाण्याची बेसलाइन, म्हणजे बचत मोजायला धरलेला मूळ वापर? फ्लशला १.६ गॅलन, शॉवरला मिनिटाला २.५ गॅलन. आपण लिटरवाले! फ्लशचे ६ लिटर पक्के, शॉवरचे साडेनऊही. सराव प्रश्नात गॅलन दिसलं की मात्र गाडी अडते. तुम्ही दोन्ही एककं पाठ केली होतीत का?

दुसरं, लीड व्ही ५ (पाचवी आवृत्ती) एप्रिल २०२५ मध्ये आलं आणि माझ्याकडच्या नोट्स व्ही ४ च्या. पाया म्हणून वाचू की बाजूला ठेवू?

‘आधी आयजीबीसीची (भारतीय हरित इमारत परिषदेची) परीक्षा दे’ असं सीनियर म्हणतात. इथल्या कामांसाठी ते पटतं, पण मला दुबईत अर्ज करायचाय, म्हणून लीडच. नोकरी सांभाळून कुणी दिली असेल तर सांगा, सराव प्रश्न कुठले वापरलेत? फुकटचे असतील तर उत्तमच.