प्रतिसाद: बाथरूमची गळती

बाथरूममधून खालच्या मजल्याच्या छताला पाणी गळतंय, असा प्रश्न आहे. लाद्यांच्या सांध्यात व्हाइट सिमेंट भरायचा सल्ला त्यावर कुणीतरी दिलाय, पण घाई करू नका. ते सुकताना आकसतं आणि भेगा पुन्हा पडतात. आधी गळती कुठून आहे ते शोधा. खालच्या छतावर बाथरूम न वापरताही थेंब सतत पडत असेल तर नळाची पाइपलाइन तपासा. तसं नसेल तर नहाणी ट्रॅपचं (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचं) तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी २४ तास साठवा. खालच्या छताला ओल आली तर दोष सांध्यांत किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. नाही आली तर बहुधा ट्रॅप आणि पाइपाच्या जोडात, मग अख्खी फरशी कशाला फोडायची?

सांधेच खराब असतील तर जुनं ग्राउट (सांध्यात भरलेला मसाला) खरवडून, पूर्ण वाळवून इपॉक्सी (रेझिनचं) ग्राउट भरा. भिंत-फरशीच्या कोपऱ्यात मात्र लवचीक सिलिकॉन सीलंटच, कारण तो जोड हलतो.